इतिहास सोबत न्याच
सबव्हर्जन आणि गिट ही कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर्स. सबव्हर्जनवरून गिटवर जाताना जुना इतिहास (म्हणजे आधीच्या बदलांच्या नोंदी) सोडा, फक्त आजचा कोड उचला, असं वर एका भाऊंनी सुचवलंय. मला नाही पटत.

आम्ही इथं नागपुरात ऐन मे महिन्यात हे काम केलं (ऑफिसातला कूलर बंद होता, ते वेगळंच). आधी ऑथर्स फाइल बनवा, म्हणजे कोणतं युजरनेम कुणाचं याची यादी. सबव्हर्जनमध्ये नुसतं युजरनेम असतं, गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतात. नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या पोट्ट्यांची नावं शोधण्यातच आमचा एक दिवस गेला. मग सबव्हर्जनचा इतिहास गिटमध्ये आणणारी 'गिट एसव्हीएन क्लोन' ही कमांड रात्री लावून घरी जा, कारण ती एकेक रिव्हिजन (नोंदवलेला बदल) आणत बसते.

खरी गोम पुढे आहे. याच कमांडला 'नो-मेटाडेटा' पर्याय दिला की कमिटखालची (गिटमधल्या बदलाच्या नोंदीखालची) गिट-एसव्हीएन-आयडीची ओळ जाते, जिच्यात जुना रिव्हिजन क्रमांक असतो. लॉग चकाचक दिसतो, पण बगच्या जुन्या नोंदींत 'रिव्हिजन १४२३ मध्ये दुरुस्त' असं लिहिलेलं असतं त्याचं काय? गिटमध्ये असा क्रमांक नाही, हॅश (अक्षरं-आकड्यांची लांबलचक खूण) असतो. आम्ही ती ओळ ठेवली.

टॅग (ठरावीक आवृत्तीला दिलेली नावं) रिमोट ब्रांच (मूळ सर्व्हरवरच्या शाखा) म्हणून येतात, ते नंतर खरे टॅग करून घ्यावे लागतात. आणि कुणी कधीकाळी बॅकअपची भलीमोठी झिप फाइल टाकली असेल, तर ती पुश करण्याआधीच (नव्या सर्व्हरवर चढवण्याआधीच) इतिहासातून फाइल काढणाऱ्या 'गिट फिल्टर-रेपो'नं काढा. गिटहब (गिटमधला कोड ठेवायची वेबसाइट) १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, आणि नंतर काढली तर पुढचे सगळे हॅश बदलतात.

जुना सर्व्हर लगेच बंद करू नका, फक्त वाचण्यापुरता चालू ठेवा.