स्वीडनचं विस्बी: आई-अण्णांना घेऊन जायचंय, एका दिवसात उरकतं का मुक्काम करायचा?

केळीबाग_जळगाव

राम राम मंडळी. लहान बहीण स्टॉकहोमला असते, ह्या उन्हाळ्यात आई-अण्णांना घेऊन आम्ही सगळे तिच्याकडे जाणार आहोत, व्हिसाचे कागद चालूच आहेत. तिचं म्हणणं की गॉटलंड बेटावर विस्बी म्हणून तटबंदीचं जुनं व्यापारी गाव आहे, तिथं जाऊच, युनेस्कोच्या यादीत आहे, फोटो तर एक नंबर दिसतात, गल्लोगल्ली गुलाब आणि मधेमधे पडकी चर्च. आमचे जावईबुवा म्हणतात सकाळच्या बोटीनं जाऊ, रात्रीच्या बोटीनं परत, हॉटेलचा खर्च कशाला.

प्रश्न असा की अण्णांचे गुडघे दुखतात, जिने चढउतार जमत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना किल्ले-बिल्ले यात काही रस नाही, आयुष्य सराफ बाजारात गेलं त्यांचं, पारोळ्याच्या किल्ल्यात नेलं होतं तर बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा, खरंच बघण्यासारखं आहे का नुसत्या भिंती आहेत? आणि एक दिवस पुरतो का?

अमळनेरी_स्टॉकहोमात

भाऊ, मुक्काम कराच, जावईबुवांना माझं नाव सांगा. हिशोब साधा आहे. स्टॉकहोमहून लोकल ट्रेनने न्यूनेसहाम्न बंदराला जायला तासभर, मग बोट तीन तासांहून जास्त, त्यात बोटीच्या आधी पोचायचं, चेक-इन करायचं, म्हणजे उतरेपर्यंत अर्धा दिवस गेलेला आणि संध्याकाळी पुन्हा तेच उलटं. वयस्कर माणसांना घेऊन हे करायचं म्हणजे बोटच बघून परत येण्यासारखं. आणि गावाची खरी मजा संध्याकाळनंतर आहे, दिवसाची गर्दी परत गेली की त्या गल्ल्या रिकाम्या होतात, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, जेवून निवांत फिरता येतं. बोटीवर बसायची सोय चांगली असते, अण्णांना त्रास नाही होणार. विमानही जातं स्टॉकहोमहून, पाऊण तासाचं काम, पण समुद्रातून येताना तो तट, त्यामागे कॅथेड्रलचे तीन काळे मनोरे हळूहळू वर येतात ना, ते विमानातून नाही मिळत.

आता गुडघ्यांचं. गाव उतारावर वसलंय. खाली बंदराकडे अल्मेदालेन नावाची बाग आहे, जुनं बंदर तिथंच होतं, आता तळं आणि हिरवळ, हा भाग एकदम सपाट. तिथून आत स्ट्रांडगातान ही जुन्या व्यापाऱ्यांची गल्ली, तीही सोपी, पायऱ्यापायऱ्यांच्या छपरांची उंच दगडी घरं दिसतात ती हीच, वरच्या मजल्यांवर माल ठेवायचे. पण कॅथेड्रलच्या मागे सरळ कडा आहे, वर जायला पायऱ्या. अण्णांना तिथून चढवू नका, टॅक्सीने वरच्या अंगाला पूर्व दरवाज्यापाशी, म्हणजे ऑस्तरपोर्टला उतरवा, मग तिथून हळूहळू उताराने खाली. रस्ते गोट्या दगडांचे आहेत, त्यामुळे चप्पल-सँडल नको, रबरी सोलचे बूट घ्या, आणि चाकाच्या मोठ्या बॅगा तर अजिबात नको, त्या बहिणीकडेच ठेवा. उन्हाळ्यात तटाच्या आत गाड्यांवर बंधनं असतात, हॉटेल बुक करताना दारापर्यंत गाडी येते का ते विचारून घ्या.

शनवारा_दरवाजा

मी रावेरचा, त्यामुळे विचारतोच, तट आणि दरवाजे बघायला एवढं बाल्टिक समुद्रात जायचं कारण काय भो? बुऱ्हाणपूरला या की, शनवारा दरवाजा आहे, इतवारा आहे, फारुकींची राजधानी, तापीचा काठ, वर असीरगड, आणि परत येताना मावा जिलेबी. व्हिसा नको काही नको.

अमळनेरी_स्टॉकहोमात

दादा बुऱ्हाणपूर भारीच आहे, वादच नाही. फरक इतकाच की बुऱ्हाणपूरचा तट तुकड्यातुकड्यात शोधत फिरावा लागतो, दरवाज्याला दुकानं चिकटलेली, वरून वायरी. विस्बीचा जवळपास सगळा फेरा उभा आहे, सुमारे ३.४ किलोमीटर, मोठे बुरूज अजून पंचवीसच्या वर आहेत. त्याच्या आत माणसं राहतात, शाळेत जातात, खिडकीत कुंड्या ठेवतात. म्युझियम करून टाकलेलं गाव नाही ते.

धुळ्याचे_मास्तर

विषय निघालाच आहे तर थोडं लांबण लावतो, शिक्षकाची खोड. मागे पुतण्याने नेलं होतं तेव्हा बघितलंय. केळीबाग, तुम्ही लिहिलंय 'नुसत्या भिंती आहेत का', तर त्या भिंतीचीच गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

आपल्याला वाटतं बेटावरचा तट म्हणजे समुद्रातून येणाऱ्या शत्रूसाठी. समुद्राकडेही भिंत आहे, पण जास्त बंदोबस्त जमिनीकडच्या बाजूला, बाहेर खंदक, तेही काही ठिकाणी एकामागे एक. का, तर भीती बेटावरच्याच खेड्यांची! गॉटलंडचे शेतकरी आधीपासून स्वतःची जहाजं घेऊन रशियात नोवगोरोदपर्यंत व्यापाराला जायचे. मग ल्यूबेककडचे जर्मन व्यापारी येऊन विस्बीत बसले, हान्सा नावाचा व्यापारी शहरांचा जो संघ झाला त्यातलं हे मोठं ठाणं बनलं, रशियाकडून मेण आणि फर, पश्चिमेकडून कापड आणि मीठ, पैसाच पैसा. तेराव्या शतकात त्यांनी तट बांधला आणि खेड्यातल्यांचा धंदा अडायला लागला. १२८८ साली शहर विरुद्ध खेडी अशी सरळ लढाई झाली आणि शहर जिंकलं. तट नंतर वाढवून उंच केला, नीट बघितलं तर जुन्या भिंतीचे कंगोरे नव्या बांधकामात बुजवलेले ओळखू येतात, पूर्वेकडून फिरताना बघा.

आणि मग १३६१. डेन्मार्कचा राजा वाल्देमार अत्तरदाग चालून आला. २७ जुलैला खेड्यातली माणसं, त्यात पोरंटोरं आणि म्हातारेही, शहराच्या तटाबाहेर त्याच्याशी लढली. शहराचे दरवाजे बंद. सुमारे १८०० माणसं तिथं पडली, आणि शहरातल्यांनी नंतर शरणागती पत्करून आपले व्यापाराचे हक्क सांभाळून घेतले. लोककथा सांगते की राजाने तीन मोठी पिंपं ठेवली आणि सोन्याचांदीने भरा म्हणाला. पिंपांचं खरं-खोटं देव जाणे, पण तटाबाहेरचा दगडी क्रूस खरा आहे, विस्बीच्या दरवाज्यांपुढे गॉटलंडची माणसं पडली, त्यांच्यासाठी प्रार्थना करा असं त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय. मेलेल्यांना चिलखतासकट पुरावं लागलं होतं, जुलैचा उकाडा आणि प्रेतं इतकी, त्यामुळे विसाव्या शतकात खोदकाम झालं तेव्हा साखळीच्या चिलखतात अडकलेल्या कवट्या निघाल्या. त्या तिथल्या म्युझियममध्ये आहेत. मी सगळ्यात जास्त वेळ तिथं उभा होतो.

गाव इतकं जपून कसं राहिलं म्हणाल तर गरिबीमुळे. जहाजं मोठी झाली, मधे थांबायची गरज उरली नाही, मग चाचे येऊन बसले, १५२५ मध्ये तर ल्यूबेकवाल्यांनीच हल्ला करून जाळपोळ केली. एवढी चर्च दुरुस्त करायला पैसा कुठला, ती तशीच पडकी राहिली. आणि नवं बांधायलाही पैसा नाही म्हणून जुनं पाडलं गेलं नाही. मध्ययुगीन चर्चपैकी तटाच्या आत आज वापरात आहे ते एकच, सांता मारिया, म्हणजे ते तीन मनोऱ्यांचं कॅथेड्रल, जर्मन व्यापाऱ्यांनी बांधलेलं, १२२५ चं.

केळीबाग_जळगाव

मास्तर, नमस्कार घ्या, हे घरात वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, तीन पिंपं म्हणजे किती किलोची ते विचार 😄

मुक्कामाचं बहिणीने मनावर घेतलंय. अजून दोन गोष्टी. आई माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही, जेवणाचं काय? आणि ऑगस्टमध्ये तिथं जुन्या वेशातली जत्रा भरते म्हणे, तेव्हा जावं का आधी?

अमळनेरी_स्टॉकहोमात

अण्णांचं काम झालं समजा! मास्तर म्हणतात त्याच म्युझियममध्ये, स्ट्रांडगातानवरच आहे, स्पिलिंग्सचा चांदीचा साठा ठेवलाय. बेटाच्या उत्तरेकडे एका शेतात १९९९ साली सापडला, सुमारे ६७ किलो चांदी, १४ हजारांवर नाणी, आणि नाणी बहुतेक अरबी, बगदादकडच्या खलिफांच्या राज्यातली! नवव्या शतकात कोणीतरी जमिनीखाली पुरून ठेवलेली. नाण्यांबरोबर हातातली कडी आहेत ढिगाने. चांदी तेव्हा वजनावरच चालायची, कडं तोडून तुकडा तराजूत टाकायचा आणि व्यवहार. तराजू आणि वजनंही ठेवलीयत. अण्णांना तिथून बाहेर काढायला तुम्हाला त्रास होईल.

सातपुड्याची_लेक

आईंच्या जेवणाबद्दल मी सांगते, आमच्या सासूबाईंना घेऊन गेले होते त्यामुळे ह्या सगळ्यातून गेलेय. फलाफल, पिझ्झा, सॅलड हे मिळतं, वीगन लिहिलेलं असेल तर अंडं-दूध दोन्ही नाही हे नक्की, तोच शब्द दाखवायचा. पण रोज तेच खाऊन कंटाळा येतो हो. किचन असलेली खोली घ्या, पूर्व दरवाज्याबाहेर बाजार आहे, सुपरमार्केटमध्ये तांदूळ, मसूर, बटाटे, दही सगळं मिळतं, तिखट-मीठ-मसाला आपला घेऊन जायचा. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ बहिणीकडे असेलच, तव्यावर भाकरी टाका. चीजमध्ये पण बघून घ्या, काहींत प्राण्यांचं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असतं. तिथली खासियत म्हणजे केशराचा पॅनकेक, नाव पॅनकेक पण असतो तांदळाच्या घट्ट खिरीचा, केशर बदाम घालून ओव्हनमध्ये भाजलेला, वर साय आणि तिथल्या रानबेरीचा जॅम. आईंना मात्र देऊ नका, त्यात अंडं असतं. अण्णांना चालत असेल तर द्याच.

जत्रेच्या आठवड्यात वयस्कर माणसं घेऊन जाऊ नका असं माझं स्पष्ट मत. हॉटेलं आधीच भरलेली, दर डबल, गल्ल्यांमध्ये पाय ठेवायला जागा नाही. रोख पैसेही जास्त घेऊ नका, सगळं कार्डावर चालतं. आणि उन्हाळा म्हणून स्वेटर ठेवून जाल तर समुद्राचं वारं लागतं संध्याकाळी.

भरीत_पार्टी

ताईंशी असहमत. मध्ययुगीन आठवडा बघायला तर लोक जगभरातून येतात, १९८४ पासून चालू आहे, घोड्यावरचे सामने, ढोल-बासरी, बाजारात लोहार काम करताना, पडक्या चर्चमध्ये रात्रीचे कार्यक्रम, सगळं गाव त्याच कपड्यात. पोरंसोरं असतील तर तोच आठवडा धरा. गर्दीला काय घाबरायचं, आपण सारंगखेड्याच्या यात्रेत फिरलेली माणसं.

सातपुड्याची_लेक

सारंगखेड्याला अण्णांना बसायला आपली गाडी असते दादा, तिथं काय असतं?

धुळ्याचे_मास्तर

दोघांचं बरोबर, पण ह्या कुटुंबासाठी ताईंचं ऐकावं. फक्त तारखा ठरवताना अजून एक बघा, जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला अल्मेदालेनच्या बागेत स्वीडनच्या सगळ्या राजकीय पक्षांचा आठवडा असतो, १९६८ मध्ये ओलोफ पाल्मेने (पुढे स्वीडनचे पंतप्रधान झाले ते) तिथं भाषण केलं तेव्हापासूनची परंपरा. पुढारी, पत्रकार, संस्थावाले, सगळे तिथं, खोली मिळणं मुश्कील. जुलैच्या मध्यावर स्टॉकहोमची तरुण मंडळी रात्रभर पार्टी करायला येतात, तेही टाळा. जूनचा मध्य किंवा ऑगस्टचा शेवट बघा, गुलाब तुम्हाला जुलैनंतरही दिसतील.

केळीबाग_जळगाव

ऑगस्टचा शेवट धरतोय मग, बहिणीला सांगितलं, ती किचनवाली खोली शोधते आहे तटाच्या आत, खालच्या सपाट भागात. जावईबुवांनी बोटीची तिकिटं बघायला घेतली. आईने कळण्याचं पीठ इथूनच न्यायचं ठरवलंय, बहिणीकडचं संपलंय म्हणे. पीठ विमानात नेता येतं ना, कोणी नेलंय का?

सातपुड्याची_लेक

नेता येतं, चेक-इनच्या बॅगेत टाका, सीलबंद पाकीट करून वर नाव लिहा. दूध-तुपाचं मात्र काही नेऊ नका, युरोपात चालत नाही, लाडू असतील तर तुपाचे नकोत.