प्राणवायू कमी पडला तरी गाठ का वाढते?

प्राणवायू तुटला की आतड्यातली कर्करोगाची गाठ मरायला हवी, ही शंका रास्त आहे. पण ती टंचाईच गाठीला वाढवते. एरवी पेशीत एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन तयार होताच मोडलं जातं. प्राणवायू घटला की ते टिकतं आणि व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन, बनवायला लावतं. मग शेजारच्या रक्तवाहिन्यांना फुटवे फुटतात आणि त्यांच्या रक्तावर गाठ वाढते, पण हे फुटवे वेडेवाकडे, गळके. म्हणून टंचाई संपतच नाही!

बेव्हॅसिझुमॅब हे औषध याच व्हीईजीएफला अडवतं. आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत केमोसोबत ते दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण निदान जितके जगले तो काळ) १५.६ वरून २०.३ महिन्यांवर गेलं. घरात रुग्ण असलेल्यांना हे पावणेपाच महिने थोडे वाटत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मात्र निदान २८ दिवस ते देत नाहीत, कारण जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतात.