शिवाजी पार्कच्या जुन्या इमारती: निदान दर्शनी भाग तरी ठेवा

कट्टेकरी
केळुस्कर रोडने जाताना हल्ली मान वर केली की हिरवी जाळी आणि पत्रे दिसतात. तीन-चार मजली आर्ट डेको शैलीच्या इमारती एकामागून एक पाडल्या जातायत. पुनर्विकास करा, माझी ना नाही, पण रस्त्याकडचा दर्शनी भाग राखायची सक्ती हवी.

बाहेरच्याला मुंबई म्हटलं की ताज नि व्हीटी आठवत असेल. राहणाऱ्याचं शहर या इमारतींत आहे. खिडकीवरून निघून कोपऱ्याला वळसा घालून पलीकडे गेलेला छज्जा, गोल बाल्कनी, जिन्याला वरपासून खालपर्यंत उभी काच, दारावर सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांत इमारतीचं नाव. १९३०-४० च्या दशकांत आरसीसी (सळ्या घातलेलं काँक्रीट) हाताशी आलं म्हणून हे जमलं. आणि हा काही नुसता थाट नाही. जुलैत तिरका पाऊस लागला तरी त्या छज्ज्याखाली खिडकी उघडी राहते. आजच्या सपाट काचेच्या टॉवरात ती लावून एसी सुरू करावा लागतो.

ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या अशाच इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. त्यांची दादरची भावंडं मात्र डेब्रिजच्या ट्रकमध्ये!

पागडीवाला
तुम्ही छज्जा बघायला मान वर करता, आम्ही पागडीचे जुने भाडेकरू तो डोक्यात पडेल म्हणून करतो.

१९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या भाड्यात मालक पाण्याची टाकीसुद्धा साफ करून घेत नाही, छज्जे कुठून दुरुस्त करणार? समुद्र हाकेवर. खाऱ्या हवेने सळ्या गंजून फुगतात, प्लास्टर सुटतं. आमच्या गॅलरीला खालून लोखंडी टेकू आहेत आणि त्यांवरच कपडे वाळतात. लिफ्ट नाही, त्यामुळे आई दवाखान्यापुरतीच खाली उतरते, तीही खुर्चीत बसवून.

२०१२ साली पालिकेने वारसा यादी वाढवायला घेतली तेव्हा विरोधाला कोण उभं राहिलं, आठवतंय? बिल्डर बाजूला ठेवा, शिवाजी पार्कचे रहिवासीच होते. एकदा वारशाचा शिक्का बसला की खिळा ठोकायलाही परवानगी लागेल, ही भीती होती.

कट्टेकरी
भीती घातली गेली होती, असं म्हणा. वारशाच्या श्रेणीप्रमाणे नियम वेगळे असतात. आणि टेकूचा दोष छज्ज्याचा नाही, ऐंशी वर्षं डागडुजी न करणाऱ्याचा आहे.

नकाशेवाली
दिवसभर एफएसआयची (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं त्या प्रमाणाची) गणितं मांडणं हाच माझा धंदा, म्हणून बोलते. नुसता दर्शनी भाग ठेवून मागे वीस मजले चढवले तर तो मुखवटा होतो. मजल्यांची उंची जुळत नाही, जुन्या खिडकीमागे नवा स्लॅब आडवा येतो.

खरी गोम नियमात आहे. पूर्वी बाल्कनी एफएसआयमधून वगळली जायची, म्हणून बाल्कन्या निघायच्या (आणि लोक प्रीमियम भरून त्या खोलीत घ्यायचे, तो भाग वेगळा). २०१२ च्या बदलात बाल्कनी, फ्लॉवरबेड सगळं मोजायला लागले आणि त्याबदली निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय दिला. मग बिल्डर मोजली जाणारी जागा बाल्कनीवर का घालवेल? सरळ खोली मोठी करून विकतो. इमारतींचे चेहरे सपाट झाले त्यात आमच्या अभिरुचीचा हात थोडा, या कोष्टकाचा मोठा.

आणि सगळे वरच्या काचेवर चिडतात, खाली कोणी बघतच नाही. पहिले पाच-सहा मजले पार्किंगचं पोडियम. जिथे तळमजल्याची गॅलरी आणि तिच्यात बसलेले आजोबा होते तिथे आता जाळ्या, रॅम्प आणि वॉचमनची केबिन. रस्ता मरतो तो तिथे.

मरीन ड्राइव्ह एकसंध दिसतो कारण भरावाच्या त्या जमिनीवर उंची सरकारने आखून दिली होती. बिल्डर तेव्हाही नफ्यासाठीच बांधत होते.

सदाशिवपेठी
मुखवट्याचा प्रयोग आमच्याकडे होऊन गेलाय. वाडा पाडायचा, दिंडी दरवाजा पार्किंगच्या तोंडाशी उभा करायचा, त्याला व्हार्निश मारायचं आणि आठ मजली इमारतीला 'अमुक वाडा' नाव द्यायचं. रहिवासी स्कूटर त्यालाच टेकवतात.

पागडीवाला
नकाशेवाली ताई, हे पटलं. नव्या इमारतीला छज्जा सक्तीचा करा, पोडियम रस्त्यापासून मागे न्या, आमची काही हरकत नाही. फक्त त्यापायी आमचं कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा, कमी होता कामा नये.

नकाशेवाली
दादा, छज्जा मोजणीत धरला नाही तर नाही होणार. पोडियम मागे न्यायचं तर मात्र गाड्या कमी कराव्या लागतील. त्यावर तुमच्या सोसायटीत मतदान घेऊन बघा.

कट्टेकरी
तरी जुनं ते जुनं. नव्या छज्ज्याला दादर म्हणायला माझी जीभ वळणार नाही. आणि राखणाऱ्याला भरपाईची सोय आहेच. वारसा यादीतल्या इमारतीचा न वापरता आलेला एफएसआय टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडे बांधायचा हक्क म्हणून, विकता येतो. ती यादी दादरपर्यंत वाढवा.

पागडीवाला
टीडीआर मालकाला मिळतो. भाडेकरूच्या वाट्याला काय, टेकू?