रेस दिली की गाडी उजवीकडे, सोडली की डावीकडे. अलाइनमेंटचा कागद मात्र ठणठणीत

धरमपेठ_सहा_सिलिंडर

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची जर्मन टू-सीटर. पुढे सहा सिलिंडर ट्विन टर्बो, ड्राइव्ह मागच्या चाकांना, ड्युअल क्लच गिअरबॉक्स. ६८,००० किमी झालेत. टायर पुढे २२५/४० आर१८, मागे २५५/३५ आर१८.

दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्याच्या वर रेस दिली की गाडी उजवीकडे सरकून राहिली. स्टीअरिंग हातात फिरत नाही, मागून कुणी बाजूला ढकलल्यासारखं वाटतं. रेस एकदम सोडली की नाक डावीकडे झटका मारतं. एकाच वेगात चालवली तर सरळ. ब्रेकलाही सरळ.

आतापर्यंत केलेलं: हवा थंड टायरवर तपासली, दोन्ही बाजूंना सारखी. अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर मोजून बसवणं) केलं, सगळे आकडे हिरवे. मागचा टो (चाकाचं पुढचं टोक किती आत वळलंय तो कोन; ६० मिनिटं म्हणजे एक अंश) डावा ९ मिनिटं, उजवा ८ मिनिटं. चालताना ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकत नाही. मागचा उजवा टायर चार महिन्यांपूर्वी एकटाच बदलला, कारण पंक्चर साइडवॉलला होतं. गॅरेजवाल्याचं म्हणणं, डिफरन्शिअल (इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा डबा) गेलं, अख्खं बदला. खर्च मोठा आहे म्हणून आधी इथं विचारतो. काय काय पाहू?

पाना_नंबर_१३

डिफरन्शिअलला हात लावू नका. ओपन म्हणजे साधं डिफ दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, आणि खराब झालं की घुमतं, कटकट करतं, तेल गाळतं. गाडी बाजूला ओढणं हे त्याचं पहिलं लक्षण नसतं.

तुमच्या वर्णनातली कामाची गोष्ट म्हणजे रेस दिली की एक बाजू, सोडली की उलटी बाजू. ब्रेक जाम असता तर गाडी कायम त्याच बाजूला ओढली असती, रेस सोडल्यावर तर जास्तच. पुढच्या टायरची शंकूसारखी झीज असती तर एकाच वेगात चालवतानाही ओढ जाणवली असती. जोराची दिशा बदलली की ओढ उलटते, म्हणजे कुठेतरी काहीतरी हलतंय. तरी बाकीच्या गोष्टी आधी काढून टाका, फुकटात होतात.

१) ओपन की एलएसडी (जोर आला की दोन्ही चाकं एकत्र बांधणारं डिफ): मागची दोन्ही चाकं उचला, जॅक स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर ओपन, त्याच दिशेनं फिरलं तर क्लचवालं एलएसडी.

२) ब्रेक: दहा किमी चालवा, शेवटचे दोन किमी ब्रेक जवळजवळ न मारता. थांबल्यावर लगेच इन्फ्रारेड गननं चारही डिस्कचं तापमान घ्या. एकाच ॲक्सलवर डाव्या-उजव्यात २५-३० अंशांचा फरक दिसला तर कॅलिपरची (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) पिन, पिस्टन, हँडब्रेकचे शू पाहा.

३) स्कॅनर: सरळ चालताना स्टीअरिंग अँगल सेन्सर शून्याच्या आसपास हवा. तो पाच-सात अंश चुकीचा असेल तर ईएससी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) स्वतःच एखाद्या चाकाला ब्रेक लावतं, आणि माणूस सस्पेन्शन उचकत बसतो.

४) मागची चाकं डावी-उजवी अदलाबदल करून तीच चाचणी. टायरवर फिरण्याचा बाण असेल तर उलट्या बाजूनं कोरड्या रस्त्यावर चार-पाच किमी, तेही हळू, मग लगेच परत जागेवर. ओढ बाजू बदलते का तेवढंच पाहायचं.

चाचणीला वेग लागत नाही. सकाळी सहाला रिकामा, सपाट, डांबरी तुकडा बघा. दुसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० पुरेसं. समृद्धीवर जाऊन करू नका, तिथं कारला १२० ची मर्यादा आहे आणि बाजूच्या लेनमध्ये कोण येतंय ते आपल्या हातात नाही.

गट्टू_आणि_सिमेंट

डांबरी म्हटलं ते लक्षात ठेवा भाऊ. नागपुरात बरेच रस्ते सिमेंटचे. दोन स्लॅबमधला लांबीचा जोड वर-खाली असला की २५५ चा रुंद टायर त्या कडेनंच पळतो, आणि गाडी चांगली असूनही ओढल्यासारखी वाटते. शिवाय रस्त्याला पाणी जायला उतार असतो, आपण डावीकडून चालतो, म्हणजे चांगली गाडीही थोडी डावीकडे जाणारच. एकाच तुकड्यावर जाऊन-येऊन दोन्ही दिशांनी करा. दोन्हीकडे गाडी उजवीकडेच गेली तर रस्ता निर्दोष.

टायर_मोजणारा

एकटा टायर बदलला ते मला खटकलं, म्हणून आकडे मांडतो. २५५/३५ आर१८ चा व्यास कागदावर साधारण ६३६ मिमी, परीघ जवळपास १९९७ मिमी. नवा टायर ८ मिमी खोल आणि जुना ३ मिमीवर आला असेल तर त्रिज्येत ५ मिमी, म्हणजे परिघात ३१ मिमीचा फरक पडतो. दीड टक्का.

घरी मोजता येतं. हवा सारखी करा, टायरच्या साइडवॉलला खाली खडूनं रेघ, जमिनीवर त्याच जागी रेघ. गाडी हातानं ढकलून चाकाचा बरोबर एक फेरा होऊ द्या, परत रेघ, टेपनं अंतर घ्या. दोन्ही मागच्या चाकांचं.

डिफ एलएसडी असेल तर हा फरक महाग पडतो. जोर आला की एलएसडी दोन्ही चाकं बांधून टाकतं, मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि गाडी लहान चाकाच्या बाजूला वळते. तुमचा उजवा टायर नवा म्हणजे मोठा. त्या हिशेबानं गाडी डावीकडे जायला हवी होती, तुमची जाते उजवीकडे. डिफ ओपन असेल तर दीड टक्क्यानं ढकलण्याच्या जोरात नगण्य फरक पडतो. पण कंपनी आणि पॅटर्न वेगळा असेल तर साइडवॉलचा कडकपणाही वेगळा असतो, म्हणून एका ॲक्सलवर जोडीच बरी. साइडवॉलवरचा चार आकडी कोडही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

हवा सकाळीच बघा. टायर पाच-सहा अंशांनी तापला की साधारण १ पीएसआय वाढतो. मे महिन्यात दुपारी उन्हाकडच्या बाजूचे टायर आणि सावलीकडचे टायर सारखे भरले की दुसऱ्या दिवशी सकाळी कमी-जास्त निघतात.

धरमपेठ_सहा_सिलिंडर

सगळं केलं. एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं, म्हणजे ओपन. मागच्या डिस्क डावी ६२, उजवी ६५ अंश. स्टीअरिंग सेन्सर ०.४ अंश. परीघ डावा १९६८, उजवा १९९६ मिमी. चाकं अदलाबदल केली, ओढ उजवीकडेच. डांबरावर दोन्ही दिशांनी उजवीकडेच.

एक मेकॅनिक म्हणाला, ब्रेक दाबून डी मध्ये टाका, रेस द्या, मी खालून बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर) बघतो. तसं पाहिलं, काहीच हललं नाही म्हणे.

कॅम्बर_काका

त्या चाचणीत बुश हलणारच नाही, आणि परत असं करू पण नका. क्लच तापतो, आणि गाडी सुटली तर खालचा माणूस जातो.

का हलत नाही ते सांगतो, कारण इथंच बहुतेक लोक फसतात. ब्रेक कॅलिपर हब कॅरियरवर (चाक ज्यावर बसतं तो धातूचा भाग) बसलेला असतो. तुम्ही मागचं चाक ब्रेकनं धरून ठेवलं की शाफ्टमधून आलेला टॉर्क त्याच कॅरियरमध्ये जिरतो. टायर जमिनीला मागे ढकलतच नाही, म्हणून जमीन चाकाला पुढे ढकलत नाही. या प्रयोगात इंजिनचे आणि डिफचे माउंट दिसतात. आर्मच्या बुशवर रस्त्यावर येणारा पुढचा धक्का त्यात येतच नाही.

आता तुमच्या मागच्या सस्पेन्शनचं. लांब ट्रेलिंग आर्म, त्याच्या पुढच्या टोकाला एक मोठा रबर बुश, तो ब्रॅकेटमधून बॉडीला. मागे वर-खाली दोन आडवे लिंक. रेस दिली की चाक पुढे जायला बघतं, पण चाक आर्मच्या बाहेरच्या बाजूला असतं. म्हणून आर्मला पीळ पडतो आणि चाकाचं पुढचं टोक आत वळतं, म्हणजे टो-इन वाढतो. दोन्ही बुश चांगले असतील तर दोन्हीकडे सारखाच वाढतो आणि गाडी सरळ राहते. उजवा बुश फाटला असेल तर फक्त उजवं चाक जास्त आत वळतं. मागचा ॲक्सल डावीकडे सरकतो, नाक उजवीकडे. रेस सोडली की इंजिन चाकाला मागे ओढतं, तेच चाक बाहेर उघडतं, नाक डावीकडे. तुमचं वर्णन शब्दशः हेच. दुसऱ्या धाटणीच्या सस्पेन्शनमध्ये दिशा उलटी येऊ शकते, म्हणून वाचणाऱ्यांनी नुसत्या दिशेवरून बाजू ठरवू नये.

अलाइनमेंटचा कागद उभ्या गाडीचा असतो. बुशवर जोर नसताना चाक आपल्या जागी येऊन बसतं, मशीन हिरवं दाखवतं. तेव्हा त्याच मशीनवर जोर देऊन मोजा:

गाडी अलाइनमेंट रॅकवर, चारही सेन्सर लावलेले. मागच्या स्लिप प्लेटच्या (चाकाखालच्या सरकत्या पाट्या) पिना काढा. ब्रेक पेडल दाबून ठेवणारा दांडा लावा, म्हणजे चाक आणि कॅरियर एकजीव होतात. मागच्या चाकाच्या आऱ्यांमधून, हबच्या उंचीला, कापड गुंडाळून रॅचेट पट्टा घ्या आणि रॅकच्या पुढच्या टोकाला अडकवा. मध्ये लटकता वजनकाटा. १०० किलोपर्यंत ताणा आणि स्क्रीनवर त्या चाकाचा टो किती बदलला ते लिहा. सैल सोडा, दुसऱ्या बाजूलाही १०० किलो. चांगला बुश काही मिनिटंच देतो. आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक महत्त्वाचा.

त्याआधी दोन गोष्टी. मागच्या लिंकच्या इक्सेन्ट्रिक बोल्टवर (फिरवून चाकाचा कोन बदलायचा बोल्ट) पेंट मार्करनं आडवी रेघ मारा आणि दहा किमीनंतर बघा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्टच सरकतोय, बुश नाही. आणि सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) चारही माउंट टॉर्चनं पाहा, टॉमी (लोखंडी दांडा) लावून उचलून बघा.

मिहान_टर्बो

मध्येच विचारतो. माझी पुढच्या ड्राइव्हची टर्बो हॅचबॅक आहे, रेस दिली की स्टीअरिंगच हातातून फिरायला बघतं. हेच काय?

पाना_नंबर_१३

नाही, तो टॉर्क स्टीअर. डावा-उजवा ड्राइव्ह शाफ्ट कमी-जास्त लांबीचा असला की त्यांचे कोन वेगळे पडतात आणि स्टीअरिंगला पीळ बसतो. पूर्वी होत नव्हतं आणि आता वाढलं असेल तर आधी इंजिनखालचा टॉर्क रॉडचा बुश बघा. तो फाटला की इंजिन मागे झुकतं, शाफ्टचे कोन बदलतात. मग लोअर आर्मचा मागचा बुश. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली असेल तर तेच कारण. वेगळा धागा काढा.

धरमपेठ_सहा_सिलिंडर

काका, आकडे घ्या. १०० किलोला डावा ९ वरून १३ मिनिटं. उजवा ८ वरून ३१! पेंटच्या रेघा जागच्या जागी. सबफ्रेम घट्ट. उजव्या आर्मच्या पुढे टॉर्च मारली तर बुशचं रबर बाहेरच्या कवचापासून अर्ध्या गोलात सुटलंय, फटीत पाच मिमीचा खिळा जातो. बाहेरून चिखल बसल्यामुळे आधी दिसलंच नव्हतं.

आता पॉलीचा (कडक पॉलियुरेथेनचा) बुश टाकू की रबरचा?

कॅम्बर_काका

रबरचाच. ट्रेलिंग आर्म वर-खाली होताना थोडा तिरकाही होतो. रबर तो तिरकेपणा पचवतं, कडक पॉली अडकतं, चूं-चूं करतं आणि ब्रॅकेटवर ताण देतं.

हिशेब बघा. १०० किलोला थ्रस्ट अँगल (मागची दोन्ही चाकं मिळून ज्या दिशेला जातात तो कोन) ३१ वजा १३, भागिले दोन, म्हणजे ९ मिनिटं डावीकडचा, म्हणून नाक उजवीकडे. माणसासकट १६०० किलोच्या गाडीला ०.४ जी नं (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट प्रवेगानं) पळवलं तर एका मागच्या चाकावर साधारण ३२० किलोचा जोर येतो. तिप्पट धरला तर जवळपास अर्धा अंश. स्टीअरिंग सहा-सात अंश फिरवून ठेवल्यासारखं. म्हणून ढकलल्यासारखं वाटत होतं.

बसवताना:

दोन्ही बाजूंचे बदला, एकच नाही. गाडी उचलायच्या आधी हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे लिहून ठेवा. ब्रॅकेटचे बोल्ट सोडण्याआधी ब्रॅकेटभोवती बॉडीवर पेंटची रेघ, कारण बोल्टच्या भोकात सरकायला जागा असते आणि तोच तुमचा टो. आर्म खाली ओढताना ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर आणि हँडब्रेक केबल ताणली जात नाही ना बघा.

जुना बुश हातोड्यानं ठोकून काढू नका, आर्मची रिंग अंडाकृती होते. पुलर नसेल तर हिंगणा एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडून दोन कप करून घ्या, एक बुशच्या कवचाएवढा, एक त्याहून मोठा, आणि लांब बोल्टनं खेचा. भोक साफ करा. नवा बुश साबणाच्या पाण्यानं सरकवा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं की रबर फुगतं. बुशमधल्या पोकळ्यांची दिशा जुन्यासारखीच ठेवा, आधी फोटो काढून.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते हे: मधला बोल्ट आर्म लटकलेला असताना कसायचा नाही. आर्मखाली जॅक लावून आधी लिहिलेलं हब-फेंडर अंतर परत आणा, मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसा. लटकत्या आर्मवर कसला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि पुन्हा फाटतं. ब्रॅकेटचा कोन आधीच ठरवून बोल्ट कसायची पद्धत मॅन्युअलमध्ये दिली असेल तर तीच वापरा.

त्यानंतर चारही चाकांचं अलाइनमेंट, स्टीअरिंग सेन्सर शून्यावर, आणि तीच पट्ट्याची चाचणी परत. दोन्ही बाजू पाच-सहा मिनिटांच्या आत आणि एकमेकींच्या जवळ आल्या पाहिजेत. डावा टायरही नव्याच्या जोडीचा घ्या, पण अलाइनमेंटच्या आधी.

गट्टू_आणि_सिमेंट

आणि फटीतला चिखल पाण्यानं धुवा भाऊ, डिझेल मारून नाही. आपल्याकडे सर्व्हिसिंगला खालून डिझेल फवारायची खोड आहे, नवीन रबरावर तेच बसतं.