हंगेरियन नोटेशनला सरसकट झोडपू नका
हंगेरियन नोटेशन म्हणजे प्रोग्रॅममधल्या व्हेरिएबलच्या नावाआधी छोटा उपसर्ग लावणं. असा टाइप (डेटाचा प्रकार) नावाला चिकटवणं म्हणजे कचरा, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. ही पद्धत काढणारे प्रोग्रॅमर चार्ल्स सिमोनी यांच्या मूळ कल्पनेत उपसर्ग अर्थ सांगायचा: ओळ क्रमांकाला ‘आरडब्ल्यू’, स्तंभाला ‘कॉल’. दोन्ही इंटिजरच (पूर्णांक), त्यामुळे एकात दुसरा भरला तरी कंपायलर (कोड तपासून यंत्रभाषेत बदलणारा प्रोग्रॅम) गप्प. वाचणाऱ्याला मात्र लगेच खटकतं. पुढे विंडोजवाल्यांनी त्यात नुसता टाइप कोंबला. विंडोजच्या संदेशांबरोबर येणारं ‘डब्ल्यूपॅरम’ हे व्हेरिएबल बघा. डब्ल्यू म्हणजे वर्ड, 16 बिट. पुढे तो 32 बिट झाला, मग 64, नाव तेच (बदललं तर केवढा जुना कोड मोडेल!). आता टाइप आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) दाखवतो, तो नावात कशाला? पण रक्कम रुपयांत की पैशांत, हे आयडीईला कुठून कळणार? तिथे नाव खुशाल लांबलचक ठेवा.