मदत हवी आहे: कॉर्ड पुढे जातात, माझा सोलो तिथेच राहतो (जॅझ गिटार)

बारकॉर्ड:

नमस्कार मंडळी,

गिटार बरीच वर्षं वाजवतेय, पण सगळं रॉक आणि हिंदी गाण्यांच्या वळणाचं. पेंटाटॉनिकचे (पाच स्वरांच्या पट्टीचे) पाचही बॉक्स, म्हणजे फ्रेटवरचे बोटांचे आकार, हाताला आहेत. लहानपणी पेटी शिकल्यामुळे सरगम पक्की आहे, स्टाफ नोटेशन मात्र अडखळत वाचते.

सध्या पियानो आणि बास वाजवणाऱ्या दोन मित्रांबरोबर जॅझ सुरू केलंय. पहिलं गाणं सगळे घेतात तेच, 'ऑटम लीव्ज', जी मायनरमध्ये. पहिल्या आठ बारच्या (बार म्हणजे चार मात्रा) कॉर्ड्स, प्रत्येकी एक बार:

सी मायनर सेव्हन – एफ सेव्हन – बी फ्लॅट मेजर सेव्हन – ई फ्लॅट मेजर सेव्हन – ए मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह – डी सेव्हन – जी मायनर – जी मायनर

साथ करायला काही अडत नाही. सोलोची पाळी आली की घोळ होतो. सगळीकडे जी मायनर पेंटाटॉनिक वाजवलं तर निभावून जातं, पण पियानोवाला म्हणतो, "आम्ही दोघं थांबलो तर तू कुठल्या बारमध्ये आहेस ते तुझ्या वाजवण्यावरून कळणार नाही." बरोबर आहे त्याचं. आणि डी सेव्हनवर तर काहीतरी सरळ खुपतं.

व्हिडिओंमध्ये सांगतात की प्रत्येक कॉर्डला त्याचा मोड, म्हणजे स्वरपट्टी, लावा: डोरियन, मिक्सोलिडियन, लोक्रियन. कुठला मोड ते आठवेपर्यंत बार संपलेला असतो. आरपेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक) घोटले, तर ते पाढे म्हटल्यासारखं वाटतं. दर बारला मूळ स्वरापासून वर जायचं आणि पुन्हा खाली यायचं. सुरुवात नक्की कुठून करायची? कॉर्ड ऐकू येतील आणि तरीही चाल वाटेल असं वाजवायला लोक काय करतात?

अर्धमात्रा:

थिअरी बाजूला ठेवा आणि ऐका, एवढंच सांगेन. जॅझ गिटारवाला वेस माँटगोमेरी, त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. त्याच्या आधीचा गिटारवाला चार्ली ख्रिश्चन, त्याचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून ऐकून त्याने जसेच्या तसे बसवले आणि त्या जोरावर त्याला पहिलं काम मिळालं. तुम्हीही ख्रिश्चनपासूनच सुरुवात करा. 1939 मध्ये तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि 1942 मध्ये पंचविसाव्या वर्षी गेलासुद्धा, त्यामुळे ऐकायचा साठा आटोपशीर आहे. त्याच्या ओळी कॉर्डच्या आकारांभोवती फिरतात, म्हणून गिटारवाल्याच्या बोटांना लवकर कळतात. आधी तोंडाने गाता आलं पाहिजे, मग गिटारवर शोधायचं.

पेटीवाला:

अर्धमात्रा यांच्याशी सहमत, पण ऐकताना कान कुठे लावायचा हे माहीत असेल तर काम लवकर होतं. तुम्हाला सरगम येते ना? मग हे गाणं तुमच्यासाठी अगदी सोपं आहे. जी म्हणजे सा धरा आणि सा शेवटपर्यंत हलवू नका.

तुमचं पेंटाटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी, अर्थात धानी रागाचे पाच स्वर. त्यात रे आणि ध नाहीत. आता एफ सेव्हन बघा. मूळ स्वरापासून मोजून त्याचा तिसरा स्वर ए, म्हणजे रे. सातवा ई फ्लॅट, म्हणजे कोमल ध. नेमके हेच दोन स्वर त्या कॉर्डची ओळख आहेत आणि नेमके हेच तुमच्याकडे नाहीत. मूळ स्वर बासवाला देतोच आहे. कॉर्ड मेजर की मायनर, पुढे ओढ घेणारी की स्थिरावलेली, हे तिसऱ्या आणि सातव्यावरून कळतं. ते न वाजवता तुम्ही कितीही फिरलात तरी पियानोवाल्याची तक्रार राहणार.

डी सेव्हनचं कोडंही यातच सुटतं. त्या कॉर्डमध्ये एफ शार्प आहे, म्हणजे शुद्ध नी, आणि तुमच्या बॉक्समध्ये कोमल नी. तुम्ही त्यावर रेंगाळता म्हणून खुपतं. (ब्लूजवाले तिथे तो मुद्दाम लावतात, पण ते नंतर.) इतर बारमध्ये आसावरी थाटाचे स्वर चालतात, डी सेव्हनपुरता कोमल नी काढून शुद्ध घ्या. झाला कीरवाणी राग. लोक्रियन-बिक्रियनची नावं आत्ता कशाला हवीत?

आता प्रत्यक्ष काम. बारला एकच स्वर, पूर्ण चार मात्रा लांब. पहिली ओळ:

ध – ध – प – प – म – म – ग (ध आणि ग कोमल)

तिसऱ्या तारेवर फ्रेट 8, 8, 7, 7, 5, 5, 3. शेवटचा स्वर दोन बार धरा. दुसरी ओळ:

ग – रे – रे – सा – सा – नी – सा (ग कोमल, नी शुद्ध आणि सा च्या खालचा)

चौथ्या तारेवर 8, 7, 7, 5, 5, 4, 5.

दोन्ही ओळींत प्रत्येक स्वर त्या त्या कॉर्डचा तिसरा किंवा सातवा आहे. अपवाद फक्त शेवटचा सा. पियानो बंद ठेवून, नुसत्या मेट्रोनोमवर गाऊन बघा. कॉर्ड कोणी वाजवत नसताना ऐकू येऊ लागतात. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बारकॉर्ड:

पेटीवाला, __/\__ कोमल ध वरून प वर उतरताना बी फ्लॅटचा बार स्वच्छ ऐकू येतो! धानी आणि रे-ध ची गोष्ट आजवर कोणी सांगितली नव्हती. पण हे झाले लांब स्वर. यातून अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या स्वरांची पळती ओळ कशी करायची?

पेटीवाला:

लांब स्वर आता मुक्काम समजा. तुमचं काम, बारच्या पहिल्या मात्रेला मुक्कामावर पोचणं. म्हणून ओळ उलटीकडून बनवा: आधी कुठे उतरायचंय ते ठरवा, मग त्याच्या आधीचे दोन स्वर.

तिसऱ्या बारचा मुक्काम प, म्हणजे डी. चौथ्या मात्रेला वरचा कोमल ध, तिच्या उत्तरार्धात खालचा तीव्र म, आणि एकला प. तिसऱ्या तारेवर 8, 6, 7. तीव्र म या गाण्याच्या स्वरांत कुठेच नाही, तरी चालतो, कारण तो थांबत नाही. सहाव्या बारला असंच सा, कोमल नी, शुद्ध नी: चौथ्या तारेवर 5, 3, 4. तुम्हाला खुपणारा कोमल नी इथे गोड लागतो बघा.

एफ सेव्हनचा पूर्ण बार भरायचा तर: ए, सी, ई फ्लॅट, जी, एफ, ई, ई फ्लॅट, सी शार्प आणि पुढच्या बारला डी. पहिल्या चार फ्रेटमध्ये सगळं बसतं. पहिले चार स्वर आरपेजिओच आहेत, पण मूळ स्वराऐवजी तिसऱ्यापासून सुरू केलेले. तुमच्या पाढ्यांवर औषध तेच: मूळ स्वरापासून सुरू करणं काही दिवस बंद.

खर्ज:

वाचनखूण साठवली. बास वाजवतो, म्हणून एक भर: दर बारला एकवरच सुरू आणि चारला बंद असं करू नका. मूळ चालच ऐका, प्रत्येक तुकडा एक सोडून सुरू होतो आणि पुढच्या बारच्या एकवर जाऊन थांबतो. तुमच्या ओळीही तशाच बार ओलांडू देत. मेट्रोनोम दोन आणि चारवर लावा, सावकाश. आणि मधे गप्प बसा हो, दोन बार काही न वाजवल्याने कोणी उठून जात नाही.

अर्धमात्रा:

सरगमची युक्ती झकास आहे, पण सावध राहा. काही गाणी मधेच दोन-तीन पट्ट्या बदलतात, तिथे अचल सा धरून बसलात तर गोंधळ उडेल. म्हणून कॉर्डचा तिसरा-सातवा गिटारवर डोळे मिटून सापडायला हवा. सरगम आणि फ्रेट दोन्ही घोका.

बारकॉर्ड:

खर्ज, गप्प बसण्याचं मनावर घेते. :) पुढच्या भागाचं काय? तिथे पुन्हा नव्याने ओळी शोधायच्या का?

पेटीवाला:

नाही. पहिले आठ बार लगेच पुन्हा येतात, म्हणजे बत्तीसातले सोळा झालेच. त्यानंतरच्या आठात जी मायनरकडे जाणारा तुकडा आधी आणि बी फ्लॅटकडे जाणारा नंतर, एवढाच फरक. त्याच ओळी उलट क्रमाने जोडा. शेवटच्या आठात मात्र काही कॉर्ड्स अर्ध्या-अर्ध्या बारने बदलतात आणि तिथे प्रत्येकाचा हात वेगळा असतो. तुमचा पियानोवाला नेमकं काय वाजवतो ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि इथे टाका, मग पुढचं बोलू.