मदत हवी आहे: हातशिलाईच्या गोधडीची किंमत कशी धरायची, आणि नोकरी सोडू का?

नमस्कार मंडळी. मी लातूरची, वय 36. इतकं मोठं पहिल्यांदाच लिहायले, मागंपुढं झालं तर समजून घ्या. पण सल्ला खरंच पाहिजे आणि 25 तारखेच्या आत पाहिजे, कारण त्या दिवशी मला कामावर हो की नाही सांगायचंय.

एका लॅबमध्ये रिसेप्शनला आहे, दहा ते सात, पगार 9,500. पुढच्या महिन्यापासून रात्री नऊपर्यंत थांबावं लागणार, पगार हजाराने वाढणार. आता रात्री जेवणं झाली की साडेनऊ ते साडेअकरा मी गोधडी शिवत बसते, ते दोन तास गेले की शिवणं संपलंच. आमचे मालक, म्हणजे नवरा, आडतीवर हिशोबाला आहेत, त्यांचा पगार सीझनवर, सोयाबीन-तुरीची आवक असली की बरं असतं, बाकी वेळ ओढाताण. पोरगी सहावीत. म्हणजे माझ्या पगारावर घराचं बरंच चालतं, हे आधीच सांगते.

गोधडी मी आजीकडून शिकले, औसा तालुक्यात आमचं गाव. आजी तिला वाकळच म्हणायची. वीतीने मापायची, जुन्या लुगड्याचे थर अंथरायची, कडेने लांब कच्चे टाके घालायची आणि मग धावदोरा, एका रेघेत, पट्टी न लावता. मला अजून तशी सरळ रेघ येत नाही. लॉकडाऊनमध्ये घरी बसून पहिली शिवली ती पोरीसाठी, मग जाऊबाईच्या बाळाला, मग त्यांच्या ओळखीत, आणि इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला लागल्यापासून पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येतात. आतापर्यंत बाळाच्या 40 आणि मोठ्या 11 गेल्या.

आता खरा प्रश्न. मागच्या महिन्यात पोरीच्या वहीत मी तास लिहून ठेवले, आणि बेरीज केल्यावर रात्रभर झोप नाही आली. पाच बाय सात फुटांची मोठी (सिंगल) गोधडी, 85 तास. विकली 2,200 ला. कापड, दोरा, अस्तर मिळून 600 गेले. राहिले 1,600, म्हणजे तासाला 19 रुपये. आमच्याकडं खुरपणीला बाईला 300 रोज मिळतो, सात तास धरले तरी तासाला 40 च्या वर. बाळाची छोटी 16 तासांत होते, 750 ला जाते, खर्च 150, म्हणजे तासाला 37. छोटी परवडते पण तीही खुरपणीच्या खालीच.

नोकरी सोडून रोज सहा तास, महिन्यात 25 दिवस शिवलं तर 150 तास होतात. आत्ताचाच पगार सुटायचा म्हणलं तरी तासाला 63 पडायला पाहिजेत. मग बाळाची 1,150 च्या आसपास जाते आणि मोठी जवळजवळ 6,000! लातुरात 6,000 ची गोधडी कोण घेणार? इथं गल्लीत गाडीवर मशीन घेऊन येतात, तुमच्या जुन्या साड्या द्या, तासाभरात गोधडी शिवून देतात तीन-चारशेत. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांचंही पोट आहे. पण गिऱ्हाईक माझ्यासमोर तीच किंमत काढतं आणि मला उत्तरच सुचत नाही. नातेवाईक तर "साड्या आमच्याच की, शिलाईचे किती ते सांग" म्हणतात. मावसबहिणीला मी 500 त दिली, 85 तासांची. नाही म्हणता आलं नाही.

शिवाय यात फोटो काढणं, फोनवर बोलणं, पोस्टात रांगेला उभं राहणं धरलंच नाही. मोठी गोधडी दोन किलोच्या वर जाते, पार्सलचा खर्च गिऱ्हाइकाकडून घ्यावा का किमतीतच धरावा?

मालाचंही सांगते, कारण कुणाला तरी मार्ग माहीत असेल. गोधडीला जुनं सुतीच लागतं. धुवून धुवून मऊ झालेलं, सुई लोण्यासारखी जाते. आता बायका सिंथेटिक साड्या नेसतात, त्या थरात सरकतात, टाका बसत नाही, आणि अंगावर गरमही होतं. सुती जुन्या साड्या मी एका बोहारणीकडून घेते, ती बाजूला काढून ठेवते माझ्यासाठी, पण महिन्याला सात-आठच. वरच्या थराला नवीन कापड घेतलं तर आधी धुवून, आटवून घ्यावं लागतं. एकदा लाल खण पांढऱ्या मांजरपाटाशेजारी लावला, मिठाच्या पाण्यात भिजवून घेतला होता तरी पहिल्या धुण्यात रंग गेला आणि मला पूर्ण पैसे परत करावे लागले. रंग जातो की नाही हे आधीच पक्कं कळायला तुम्ही काय करता?

अजून एक. पुण्यातल्या एका दुकानाने पाच मोठ्या गोधड्या "विकल्या की पैसे" म्हणून ठेवून घेतल्या. दोन गेल्या असं त्यांनीच कळवलं, त्याला चार महिने झाले, पैसे नाहीत. काही लिहून घेतलं नव्हतं, चूक माझी. आता उरलेल्या तीन परत मागवू का? असं देताना कागदावर काय काय घ्यायचं असतं?

आमच्या गल्लीतल्या दोन मावश्या पण शिवायला तयार आहेत. एकीचा हात तर माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यांना नगावर द्यावं का तासावर? नगावर दिलं की टाके लांब पडतात हे मी बघितलंय, आणि तासावर द्यायला माझ्याकडं भांडवल नाही. मला 19 पडले म्हणून त्यांनाही 19 द्यायचे, हे मला जमणार नाही.

भर (दोन दिवसांनी): सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

ज्यांनी मशीन घ्यायला सांगितलं त्यांना: विचार केला. पण माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक हातटाक्यासाठीच येतं. कडेची पट्टी तेवढी मशीनवर मारली तर मोठीचे सहा-सात तास वाचतील, ते करून बघते.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट होते आणि आधारवर घरबसल्या होते हे ज्या ताईंनी सांगितलं त्यांना किती धन्यवाद देऊ. इथल्या एका सेंटरवर माझ्याकडं त्याचे 1,500 मागितले होते, मी देणारच होते. काल रात्री स्वतः केली. जीएसटीचं पण कळलं, वस्तू विकणाऱ्याला आपल्या राज्यात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, तिथपर्यंत मी कुठली जाते. पण बेंगळुरूच्या एका ताईंची ऑर्डर आलीय, राज्याबाहेर पाठवताना हस्तकलेला वेगळा नियम आहे म्हणतात, तो कुणी स्वतः वापरला असेल तर सांगा.

पीएम विश्वकर्माचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या योजनेचं, बघितलं. 18 व्यवसायांच्या यादीत दर्जी आहे, गोधडी असं वेगळं नाही. टूलकिटचे 15,000 मिळाले तर मशीन येईल. पण घरातल्या एकालाच मिळतं आणि तपासणीत गोधडीवाली बाई दर्जीत धरतात का? लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या कुणाला मिळालंय का? हस्तकलेचं पहचान कार्ड (कारागिराचं सरकारी ओळखपत्र) गोधडीवर कुणी काढलंय का, तेही विचारायचंय.

चुलतीचा गावाकडं उमेदचा (राज्य सरकारच्या ग्रामीण अभियानाचा) बचत गट आहे. ती म्हणते मुंबईच्या महालक्ष्मी सरसला, बचत गटांच्या प्रदर्शनात, गटाच्या नावाने गोधड्या ठेवू. तिथं मोठ्या न्याव्या का बाळाच्या? गेलेल्यांनी सांगा, कारण मोठ्या पाच शिवायच्या म्हणजे माझे 425 तास.

एका दादांनी विचारलं, लातुरात बाहेरगावची एवढी पोरं नीटच्या क्लासला येऊन राहतात, त्यांच्या आयांना का नाही विचारत? हे माझ्या डोक्यातच नव्हतं. रविवारी आमच्या गल्लीतल्या होस्टेलवर गेले. एका आईने गोधडी हातात घेऊन पदरासारखी गालाला लावली, म्हणाल्या माझ्याच दोन साड्यांची शिवून द्याल का, लेकराला माझा वास येईल. मी पहिल्यांदा धीर करून साडेतीन हजार सांगितले. त्यांनी घासाघीस केली नाही, हजार रुपये हातावर ठेवले आणि दोन साड्या आणून दिल्या. तीन फुटांचीच कॉटवरची हवीय, 50 तासांत होईल. साड्या त्यांच्याच म्हणून खर्च 300 च्या आत. म्हणजे तासाला 63 च्या वर पडतात. ही पहिलीच.

एकीवरून नोकरी सोडू नये हे मलाही कळतं. म्हणून कामावर असं विचारायचं ठरवलंय: दहा ते दोन अर्धा दिवस ठेवा, पगार अर्धा द्या. असं कुणी केलंय का, कामावरच्या मालकाला कसं विचारलं? आणि अर्ध्या दिवसाला नाहीच म्हणाले, तर तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं, ते आत्ताचे आकडे बघून सांगा. 25 तारीख शुक्रवारी आहे.